समुद्र काढून ठेवला तेव्हा

आमच्या केंद्रापासून समुद्र इतका लांब आहे की इथल्या बहुतेकांनी तो कॅलेंडरवरच पाहिलेला आहे. तरीही सकाळी खुर्चीत बसल्यावर आमचं पहिलं काम म्हणजे समुद्र काढून टाकणं.

हे जरा फोड करून सांगायला हवं. नाहीतर मला वेड लागलंय असं वाटेल, आणि तो निष्कर्ष वाचकाने गोष्ट संपल्यावर काढावा अशी माझी इच्छा आहे.

मी भूकंप मोजतो. म्हणजे भूकंप आपले आपण होतात, मी फक्त झाल्याचं वर कळवतो. टेकडीच्या पोटात एक तळघर आहे, तळघरात थेट खडकावर उभा केलेला बुटका खांब आहे, आणि खांबावर पातेल्याएवढं यंत्र. जमीन केसभरही नाही, केसाच्या कणभर हलली तरी ते चुगली करतं. अडचण अशी की जमीन कधी गप्प बसतच नाही. समुद्रात वादळ उठलं, किनाऱ्यावर लाटा आदळल्या, की इतक्या लांब आमच्या खांबाखालचा खडकसुद्धा संथपणे वरखाली होत राहतो. कोणाला जाणवत नाही, पण थांबतही नाही. एकटी लाट तशी निरुपद्रवी. तिचा जोर खाली उतरता उतरता विरून जातो. पण समोरून तशीच दुसरी येऊन भिडली, की दोघींचा मिळून दाब न विरता थेट तळाला पोचतो आणि तळ ठोकला जातो. एकट्या माणसाच्या बडबडीने खालच्या मजल्यावरचे उठत नाहीत, नवराबायकोच्या भांडणाने उठतात. तसंच हे.

आमच्या कामात या थरथरीला कचरा म्हणतात. सकाळी आदल्या दिवसाच्या नोंदीची एक प्रत घ्यायची, तिला चाळणी लावायची, म्हणजे समुद्र गळून पडतो आणि चाळणीत उरतात लहानसहान भूकंप, खाणीतले सुरुंग आणि साहेबांची गाडी. साहेबांची गाडी भूकंपापेक्षा ओळखायला सोपी, कारण ती आधी फोन करून येत नसली तरी फाटकाशी अडखळते. चाळणी नेहमी प्रतीला लावायची, मूळ नोंदीला कधीच नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. मला तो पाठ होता. नियम पाठ असला की मोडताना सोपं जातं.

केंद्रात आम्ही दोघंच. मी प्रमुख, आणि ज्यांचा मी प्रमुख ते मेकॅनिक. यंत्र बिघडलं की ते आधी त्याच्या केबलवर दोन बोटं ठेवून डोळे मिटतात, म्हणून सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणतात. तळघराच्या वर कचेरी आणि कचेरीला लागून माझं राहतं घर. घरात मी, बायको, आणि भाऊजी जहाजावर गेले की माझी मोठी बहीण.

ताई औषधांच्या दुकानात काम करते. भाऊजी मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळतात. लग्नाची निम्मी वर्षं त्यांनी पाण्यावर काढली, म्हणून संसार टिकला, असं ताईच सांगते आणि मग ते जायच्या आदल्या दिवशी कपाट आवरण्याच्या निमित्ताने कपाटात तोंड घालून रडते. या वेळी ते गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या कचेरीतली स्क्रीन ताब्यात घेतली.

चूक माझीच. मी कौतुकाने तिला दाखवलं होतं, की ही रेघ बारीक असली म्हणजे समुद्र शांत, जाड झाली म्हणजे खवळलेला.

"म्हणजे हे त्यांच्या जहाजाखालचं पाणी?" तिने विचारलं होतं.

"त्यांच्याच असं नाही. सगळंच."

"सगळ्यात तेही आलेच की."

तेव्हापासून दुकानातून आली की पर्स ठेवायच्या आधी ती रेघ बघायची. "आज अंगाने भरलीय." "आज उतरलीय, डाएटवर दिसते." भाऊजींचा फोन कधी लागायचा, कधी नाही. रेघ रोज लागायची.

मग वादळ आलं. हवामानखात्याच्या नकाशावर ते डोळ्यातल्या फुलासारखं दिसत होतं, आणि भाऊजींचं जहाज त्याच्या वाटेत होतं. आमची रेघ सुजली. आधी बोटाएवढी झाली, मग वरच्या आणि खालच्या तासांच्या रेघांवर चढली, शेवटी स्क्रीन नुसती काळी दिसायला लागली. भाऊजींचा फोन बंद झाला. कंपनीत फोन केला की एक अतिशय गोड आवाजाची मुलगी सांगायची, "संपर्क तात्पुरता उपलब्ध नाही." तात्पुरता हा शब्द ती अशी म्हणायची की आपण तिचे आभार मानून फोन ठेवावा.

ताईने जेवण सोडलं. उपवास वगैरे नाही, फक्त ताटावर बसायची, पाणी प्यायची आणि उठायची. दुकानात जाणं बंद केलं. स्क्रीनसमोर बसून राहायची, आणि काळी पट्टी आणखी काळी होऊ शकत नाही हे कळत असूनही वाट बघायची.

"अहो, काहीतरी करा," बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली. "अशाने त्या आडव्या होतील."

"मी काय समुद्राचा मालक आहे?"

"रेघ तर तुमची आहे ना?"

बायको असं म्हणाली यात तिचा दोष नाही. आपल्या नवऱ्याला एवढं सुचेल अशी तिला कल्पना नव्हती.

वरच्या स्क्रीनवर चाळणी लावली तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहून येतं, आणि ताईचा जन्म औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचण्यात गेलेला. म्हणून मी तळघरात उतरलो, दाराबाहेर चपला काढल्या, आणि यंत्राच्या पोटात जी चाळणी असते, जी चाचणीपुरतीच वापरायची असते, ती चालू केली. म्हणजे समुद्र नोंदीत उतरायच्या आधीच, दारातच अडवला. एक बटण दाबायचं होतं. त्याने टिक असासुद्धा आवाज केला नाही.

वर आलो तर रेघ बारीक. इतकी बारीक मी कधी पाहिली नव्हती. वहीवर पट्टी ठेवून मारल्यासारखी.

ताई खुर्चीवर पुढे झुकली होती. "ओसरलं?"

"ओसरलं," मी म्हणालो.

त्या दिवशी ती जेवली. बायकोने माझ्या ताटात न मागता वाढलं. आमच्या घरात खोटेपणाचं बक्षीस रोख मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "फ्रीज बंद पडलाय का बघा."

फ्रीज चालू होता.

"मग काय बंद पडलंय? काहीतरी बंद पडलंय."

मलाही तसंच वाटत होतं, पण मी म्हणालो नाही. पंख्याचा आवाज येत होता, रस्त्यावर गाड्या होत्या, नळ ठिबकत होता, आणि तरी या सगळ्याच्या खाली जे काही असतं ते नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसं दिवसभर होत राहिलं. रस्त्यावर माणसं सरळ वाटेवर ठेचकाळत होती आणि मागे वळून दगड शोधत होती. दगड नसायचा. जेवताना माझा धक्का लागून पाण्याचा पेला हलला. पाणी एकदा कलंडलं आणि जागच्या जागी थांबलं. डुचमळलं नाही. बायकोनेही ते पाहिलं. आम्ही दोघांनी ताबडतोब हवेबद्दल बोलायला सुरुवात केली.

वैद्यबुवा तळघरातून वर आले ते बोटं पुसत. "साहेब, मशीनची नाडी ठीक आहे," ते म्हणाले. "जमिनीची लागत नाही."

"मी चाचणीची चाळणी लावलीय." त्यांना सांगणं भाग होतं.

"ते दिसलं मला. पण चाळणी मशीनला लावलीय ना? मी हात जमिनीवर ठेवला होता."

मी शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्राला फोन लावला. तिथला प्रमुख माझ्याबरोबर कॉलेजात होता आणि तेव्हापासून जांभई देतोय. त्याला म्हटलं, समुद्र कसा आहे तुझ्याकडे?

"गेला," तो म्हणाला. "कालपासून रेघ सुतासारखी. वादळ संपलं वाटतं. बरं झालं, मला ते चाळणीचं काम नकोच असतं."

"तू काही लावलंयस का?"

"मी? अरे, मी इथे खुर्चीचं चाकसुद्धा बदललेलं नाही."

हवामानखात्याच्या नकाशावर वादळ जिथल्या तिथे, तसंच होतं. मी नकाशा बंद केला. माझ्या शिक्षणाचा हा मोठा फायदा, न पटणारी गोष्ट मला ताबडतोब योगायोग म्हणून ओळखता येते.

संध्याकाळी ताई चहाचा कप घेऊन स्क्रीनपुढे बसली होती. चहावर साय धरली होती, म्हणजे ती बराच वेळ तशीच असणार.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार ना."

"वादळात फोन लागत नाही हे समजण्यासारखं आहे. शांत समुद्रात का लागत नाही?"

मी स्क्रीनवरची धूळ बाहीने पुसायला लागलो.

"कालपासून पाणी आरशासारखं आहे," ती अगदी सावकाश म्हणाली. दुकानात गोळ्या कशा घ्यायच्या ते म्हाताऱ्यांना समजावताना तिचा असाच आवाज असतो. "वारा नाही, लाट नाही. तरी त्यांचा फोन नाही. कंपनीला पत्ता नाही. मग याचा अर्थ एकच होतो ना?"

तिला जगवायला म्हणून मी समुद्र पुसला होता, आणि पुसताना एवढं लक्षात आलं नव्हतं की वादळ हीच तिची आशा होती. जोवर रेघ काळी, तोवर भाऊजी गप्प असायला कारण होतं. ते कारणच मी काढून घेतलं होतं. खरं सांगावं तर मी लबाड, न सांगावं तर ती विधवा. यातून कोणताही शहाणा माणूस एका वाक्यात बाहेर पडला असता. मी म्हणालो, "कंपनीचा टॉवर बंद असेल."

"समुद्रात?"

"किनाऱ्यावरचा."

"हं," ताई म्हणाली, आणि कप तसाच ठेवून उठली.

सकाळी सांगून टाकायचं असं मी ठरवलं. सकाळी तिचं डोकं दुखत होतं. मग दुपारी सांगायचं ठरवलं, आणि दुपारी वैद्यबुवांनी मला खुणेने स्क्रीनपाशी बोलावलं.

पट्टीने मारलेली ती रेघ श्वास घेत होती. अगदी हलका, संथ फुगवटा. वर, खाली, थोडा थांबून पुन्हा वर. मोठ्या लाटेची जी चाल असते नेमकी तीच, म्हणजे नेमकी तीच जी चाळणीने अडवायला हवी होती.

"चाळणी बंद केलीत?" मी विचारलं.

"नाही हो. चालूच आहे."

"मग हे कुठून येतंय?"

वैद्यबुवांनी फोन माझ्याकडे सरकवला. शेजारच्या केंद्राला विचारलं, तर त्यांची रेघ अजून सुतासारखीच. म्हणजे जे काही हलत होतं ते आमच्याच खांबापाशी होतं. मी ताईला हाक मारली. ओ आली नाही. बायको म्हणाली, "मघाशी खाली गेल्या. मला वाटलं तुम्ही बोलावलंय."

तळघराच्या दाराबाहेर ताईच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या.

आत दिवा लावलेला होता. ताई खांबाशेजारी अनवाणी उभी होती, हात मोकळे, डोळे उघडे. आणि ती झुलत होती. या पायावरून त्या पायावर, सगळं वजन सावकाश इकडे, मग सावकाश तिकडे. बाळ खांद्यावर घेतलेली बाई उभ्या उभ्या झुलते तशी. खांद्यावर काही नव्हतं.

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे हे होतं तर. एवढ्या नाजूक यंत्राशेजारी माणूस असा झुलला की फरशी अंशभर कलते आणि ते यंत्राला कळतं. शिकाऊ मुलांना आम्ही यासाठीच तळघरात उभं राहू देत नाही. चाळणीतून एवढं कसं निसटलं याचं उत्तरही मी मनातल्या मनात तयार केलं. ते चांगलं होतं. मी ते पुढे अहवालात वापरलं.

"ताई, काय करतेयस?"

"झुलतेय."

"ते दिसतंय. का?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तू समुद्र काढलास," ती म्हणाली. "समुद्रच काढलास तर जहाज कशावर तरंगेल?"

खोलीत यंत्राचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता.

"तुला कधी कळलं?"

"तू जेवताना माझ्याकडे बघत होतास तेव्हा. लहानपणी माझी पेन्सिल तोडून परत दप्तरात ठेवायचास, तेव्हा असाच बघायचास." वजन डावीकडे. "मी जेवले, कारण तुझा चेहरा बघवत नव्हता." वजन उजवीकडे. "मग रात्री पडल्यावर पाठीला काही लागेना. गादी होती, खाली पलंग होता, त्याच्या खाली काहीच नव्हतं. तेव्हा कळलं की तू नुसती रेघ नाही पुसलीस."

"असं काही नसतं. ही फक्त नोंद आहे. नोंद पुसली म्हणून..."

"पेला हलवून बघ."

मी म्हणालो, "मी आत्ता चाळणी काढतो. चुकलं माझं." आणि खांबाकडे हात नेला.

"नको," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण माझा हात थांबला. "आत्ता नको. ते मधोमध आहेत. सगळं पाणी एकदम परत आलं तर?"

मी शास्त्र शिकलेला, पगारी, केंद्रप्रमुख दर्जाचा मनुष्य बटणावर बोट ठेवून आपल्या बहिणीच्या परवानगीची वाट बघत उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ती झुलत होती. हळूहळू माझ्या तळव्यांना काहीतरी कळायला लागलं. फरशी नव्हे, फरशीच्या खालचं. फार लांबून काहीतरी तिच्या लयीत येत होतं. पण ते तिच्याकडून निघत नव्हतं, समोरून येत होतं. ती डावीकडे झुकली की ते तिला येऊन टेकायचं, उजवीकडे झुकली की पुन्हा. दोन लाटा समोरासमोर भिडल्या की थरथर दुपटीने उठते, हे मी किती जणांना फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. आकृतीत अंगावर काटा येत नाही.

ताईच्या कपाळावर घाम होता. ओठ हलत होते; रागावत होती की समजावत होती, कळलं नाही. मग ती एकदम थांबली.

"आता," ती म्हणाली.

मी चाळणी काढली.

वर वैद्यबुवा ओरडल्याचं ऐकू आलं. ते सहसा ओरडत नाहीत. आम्ही जिना चढून गेलो तेव्हा स्क्रीन काळी झाली होती, आणि स्वयंपाकघरात ओळीने मांडलेली सगळी भांडी अगदी बारीक आवाजात किणकिणत होती. बायको त्यांच्यासमोर हात जोडल्यासारखी उभी होती. तिच्या हातात फडकं होतं एवढंच.

"काय झालं हो?" तिने विचारलं.

"फ्रीज चालू झाला," मी म्हणालो.

ताई बसली आणि तिने जेवण मागितलं.

कंपनीचा फोन आला तो त्या गोड मुलीचाच. जहाज वादळाच्या कडेला सापडलं होतं, इंजिन बंद, पण तरंगत होतं. दुसऱ्या जहाजाने ओढून बंदरात आणलं. "सर्वजण सुखरूप आहेत," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "एक वगळता." तो एक कोण हे मी विचारलं. जहाजावरचा रंगारी होता. आमचे कोणी नव्हते. आम्ही तिघांनी एकदम श्वास सोडला आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळलं.

भाऊजी घरी आले ते वाळलेले, दाढी वाढलेली. खुर्चीत बसले तरी जरा जरा झुलत होते. बोटीवरून उतरलेल्या माणसाचं असं होतंच काही दिवस. ताईने त्यांना वाढलं, समोर बसली, आणि ते घास कसा गिळतात ते बघत राहिली.

"वादळ बेकार होतं," भाऊजी म्हणाले. "पण वादळाचं काही नाही रे, ते समजतं. त्याच्या मध्येच एकदा सगळं थांबलं. एकदम. वारा भिंतीसारखा चहूबाजूंनी दिसत होता, आणि आमच्या खाली पाणी सपाट. सपाट म्हणजे असं." त्यांनी टेबलावर तळहात फिरवला. "लाट नाही, फेस नाही, आवाज नाही. मी पाण्यात नट टाकून बघितला. वर्तुळं उठली नाहीत. नुसता गेला."

मी जेवणाकडे लक्ष दिलं.

"आमचा रंगारी म्हणजे गप्पिष्ट माणूस. हसत म्हणाला, च्यायला, ही तर फरशीच झाली. आणि कठड्यावरून पाय टाकून उतरला. कोणाला कळायच्या आधी. अंगणात उतरावं तसा." भाऊजी थोडा वेळ झुलले. "पाणी उडालंसुद्धा नाही."

बायकोने त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. पाणी नीट डुचमळलं. आम्ही सगळ्यांनीच ते पाहिलं.

"मग?" ताई म्हणाली.

"मग काय, इंजिन गेलेलं. आम्ही आपले उभे. आणि तेवढ्यात एक लाट यायला लागली. बारीकच, पण एकामागोमाग एक, आणि उलट्या बाजूने, जमिनीकडून. जमिनीकडून लाट येते का कधी? कप्तान म्हणाला, नकाशा चुकला असेल. आम्हाला ढकलत ढकलत, पाळणा हलवावा तसं, भिंतीच्या कडेला नेऊन सोडलं तिने. कडेला लागलो आणि मागे धाडकन सगळा समुद्र परत पडला. मध्यात असतो तर..." त्यांनी घास उचलला. "काय असेल रे ते? तू शिकलेला आहेस."

"योगायोग," मी म्हणालो.

ताईने माझ्या ताटात वाढलं. आग्रह केला नाही, नुसतं वाढलं. त्या रंगाऱ्याचं ती मला आजवर एका शब्दाने बोललेली नाही. तिने एकदा बोलावं असं मला वाटतं.

ते काही दिवस राहिले. भाऊजींना माझी कचेरी बघायची होती. "इतकी वर्षं ऐकतोय, तू नेमकं करतोस काय ते तरी बघू," म्हणून जेवणं झाल्यावर दोघं स्क्रीनपाशी आली. रेघ बरी होती, मध्यम अंगाची. ताई त्यांना सांगत होती, ही अशी असली म्हणजे तुम्ही शहाण्यासारखे वागताय, आणि अशी झाली म्हणजे नाही. तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. ते अभिनंदन म्हणाले की मी उठून उभा राहतो. "मागे वादळाच्या दिवसांतली तुझी नोंद पाहिली. एवढी स्वच्छ नोंद मी आयुष्यात बघितलेली नाही. समुद्राचा मागमूस नाही. कसं केलंस?"

"बिघाड होता साहेब. अहवालात लिहिलंय मी. पुन्हा होणार नाही."

"अरे, होऊ दे की. गंमत म्हणजे त्या दिवसांत शेजारच्या केंद्रांचीही नोंद स्वच्छ आली. म्हणजे एकाने केलं तरी सगळ्यांचं काम होतं. केवढा त्रास वाचेल."

"साहेब, तसं करू नका."

"का?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. पण केंद्रप्रमुखाने साहेबांना सांगावं असं ते उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "मूळ नोंदीला चाळणी लावायची नाही असा नियम आहे."

साहेब प्रेमळपणे हसले. "नियम आपणच केलेत ना? तू नको घाबरूस, तुझ्या डोक्यावर काही येणार नाही. मुख्य केंद्रातल्या पोरांनी तुझी पद्धत शोधून काढली. मोठ्या यंत्राला लावताहेत, आज दुपारीच. तुझ्याकडे फरक पडतो का बघ जरा आणि कळव."

मी फोन ठेवला. वैद्यबुवा दारात येऊन उभे होते, हात बाजूच्या भिंतीवर, डोळे मिटलेले. भाऊजी झुलायचे थांबले होते, बंदरातून आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी आधाराला टेबल धरलं.

स्क्रीनवर रेघ उतरत होती. मी काहीही दाबलं नव्हतं. ती बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि आता पट्टी ठेवून मारल्यासारखी पुढे सरकायला लागली.

"हेच," भाऊजी हळूच म्हणाले. "असंच होतं ते." मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "आत्ता बाहेर किती जहाजं असतील गं?"

ताई तळघराच्या जिन्यापर्यंत गेली, आणि तिने चपला काढल्या.